हेडरमास्तर

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आबा दुकानात येतात. दहाला मी शटर वर करतो आणि झेरॉक्सचं मशीन गरम व्हायला पाच मिनिटं लागतात, हे त्यांनी कधीतरी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजून ठेवलंय. पांढरा शर्ट, खिशाला एका टोकाला तांबडी आणि दुसऱ्या टोकाला निळी पेन्सिल, हातात कापडी पिशवी. पिशवीत लांबलचक रजिस्टर आणि त्यात खूण म्हणून घातलेली स्टीलची फूटपट्टी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत बाकीच्यांची वेळ मोबाइलवर चालते, माझी आबांवर.

"काय आलंय आज?" मी विचारतो.

"दोन लॉटऱ्या, एक ब्यांक आणि एक विधवा," आबा खुर्ची ओढत म्हणतात. "विधवा जुनीच हाय. ह्या खेपेला घानातनं आलीया."

हे आबांचं टपाल. तुम्हीआम्ही ज्या ई-मेल न उघडता उडवतो, किंबहुना ज्या आपल्यापर्यंत पोचूच नयेत म्हणून कंपन्यांनी वेगळा उकिरडा करून ठेवलाय, त्या उकिरड्यात आबा रोज पहाटे उतरतात. एकेक मेल वेचतात, ती कुठून निघाली ते शोधतात आणि जिथून निघाली तिथल्या मालकाकडे तक्रार करतात. निवृत्तीनंतर आठ वर्षं हे चाललंय. रविवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी दुप्पट. सणावाराला मी सुटी घेतली तर 'बटवडा तुंबला' म्हणून माझ्यावर रुसतात.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरला ते स्वतः बसतात. एका बोटानं पासवर्ड मारायचा, मेल उघडायची, उजव्या अंगाचे तीन ठिपके दाबायचे, 'मूळ दाखवा' म्हणायचं आणि प्रिंट. पत्र चार ओळींचं असलं तरी प्रिंट तीन पानांची येते. आबांना त्या चार ओळींत काडीचा रस नसतो. त्यांना पाकीट हवं असतं.

सुरुवातीला मी एकदा सुचवलं होतं, आबा, कशाला हेलपाटा घालता, घरनंच मला फॉरवर्ड करा, मी प्रिंट काढून ठेवतो. तसे ते दचकलेच.

"फॉरवर्ड केलं की पाकीट फाडून टाकल्यागत झालं, मर्दा! जुनं शिक्कं गेलं, वर तुझं-माझं बसलं. खून झालेल्या जागी झाडू मारून मग कोण पोलिसास्नी बोलावतंय?"

तेव्हापासून मी गप्प. पानाला तीन रुपये घेतो आणि बघत बसतो. बघण्यासारखं असतं. प्रिंट टेबलावर पसरायची, फूटपट्टी खालच्या 'रिसीव्ड' या ओळीवर ठेवायची आणि एकेक ओळ वर सरकवत जायचं. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो तो सर्व्हर आपली एक 'रिसीव्ड' ओळ आधीच्या ओळींच्या डोक्यावर चढवतो: अमक्याकडून मिळाली, अमक्या वेळेला मिळाली, पाठवणाऱ्याचा आकडा, म्हणजे आयपी, हा. त्यामुळे सगळ्यांत जुना शिक्का सगळ्यांत खाली. तिथवर समजायला सोपं आहे. गोम अशी की खालचे शिक्के चोर घरीच छापून पाठवू शकतो. आपल्या स्वतःच्या सर्व्हरनं मारलेला वरचा शिक्का तेवढा भरवशाचा; तिथून खाली उतरताना प्रत्येक पायरी हलवून बघायची, आणि जिथं डुगडुगेल तिथं थांबायचं. म्हणून आबा प्रत्येक प्रिंट दोनदा वाचतात. एकदा खालून वर, निळ्या पेन्सिलीनं. एकदा वरून खाली, तांबड्या.

"खालनं वर वाचली की ती चोरानं सांगितलेली गोष्ट," ते म्हणतात. "वरनं खाली वाचली की माझी."

आणि 'फ्रॉम'मध्ये लिहिलेलं नाव? त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. "तितं काय, कुणीबी सदाशिवरावभाऊ म्हणून लिहील." यावर त्यांचं एक छोटं व्याख्यान ठरलेलं आहे. पानिपतावर १७६१ साली भाऊ पडले. पुढं तोतया उभा राहिला, आणि माणसं त्याच्या चेहऱ्यात भाऊंचा चेहरा शोधत बसली, त्याच्यामागं गेली, किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी १७७६ साली त्याचा निकाल लागला. तोतयाचं तोंड बघून काही कळत नसतं, तो कुठल्या वाटेनं आला ते विचारायचं असतं. हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय, की दुकानात कुणी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तरी मला फोटोपेक्षा पत्ताच आधी दिसतो.

आबा मिरजेच्या आरएमएसमध्ये होते. म्हणजे रेल्वेची डाक. थैल्या फोडायच्या, पत्रं खान्यांत मारायची, थैल्या बांधायच्या. सॉर्टर म्हणून लागले आणि साधारण तिथंच निवृत्त झाले. पोस्टमास्तर व्हायचं राहून गेलं. का राहिलं ते ते सांगत नाहीत आणि आपण विचारावं असं त्यांचं तोंडही होत नाही. पण हातात विद्या अशी, की पाकीट उलटं धरलेलं असलं तरी शिक्क्याच्या गोलाईवरून गाव सांगत. अर्धवट पत्त्यांचे ते खास. 'मु. पो. वडगाव' एवढंच लिहिलेल्या पत्राचं काय करायचं हे खात्यात त्यांना विचारत. वडगावं या मुलखात मोजून संपत नाहीत. पिनकोडाचा विषय काढला तर उभे राहून बोलतात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे मला आबांकडून कळलं. "कवी हुते म्हणून जमलं," आबा म्हणतात. "चार म्हणजे आपला पश्चिमेचा मुलूख, चारशे सोळा म्हणजे कोल्हापूर, फुडचं तीन म्हणजे पोस्ट. मात्रा मोजल्यागत हाय की सगळं!"

अशा माणसाला निरोपाच्या समारंभात सहकाऱ्यांनी स्मार्टफोन दिला. पुतण्यानं जीमेल उघडून दिली. पहिली मेल आली ती स्वागताची. दुसरी आली ती पाच लाख पौंडांच्या लॉटरीची.

आबांनी आयुष्यात महाराष्ट्र राज्य लॉटरीशिवाय दुसरी लॉटरी घेतलेली नाही आणि तीसुद्धा कधी लागलेली नाही. तिकीट न घेता लागलेली लॉटरी बघून माणूस एक तर हुरळतो, नाही तर हसतो. आबांनी तिसरंच केलं. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "शिक्का कुठं हाय?"

आबांच्या घरच्या काकींनी नंतर मला सांगितलं, "ह्यास्नी खरोखरची लॉटरी लागली तरी पैसं घेणार न्हाईत बघा. पत्ता बरोबर हाय का तेवढं बघतील, आन् परत धाडतील."

'शिक्का कुठं आहे' या प्रश्नाचं उत्तर मिळवायला त्यांना दोन महिने लागले. कॉलेजच्या पोरांना विचारलं, मला विचारलं, गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं. सरांनी 'डिलीट करा की आबा' एवढंच सांगितलं आणि ते आबांच्या मनातून कायमचे उतरले. शेवटी 'हेडर' हा शब्द सापडला. तो गल्लीत इतक्या वेळा उच्चारला गेला, की तालमीतल्या पोरांनी आबांचं नाव 'हेडरमास्तर' ठेवलं. निम्म्या पेठेला ते शाळेतून निवृत्त झालेत असं वाटतं. आबा ते नाव दुरुस्त करत नाहीत. 'मास्तर' एवढं ऐकू आलं की पुरतं.

आणि मग त्यांना तो नियम सापडला. मला वाटतं, आबांचं खरं वेड त्या दिवशी सुरू झालं. इंटरनेटवरच्या मेलचा जो मूळ नियम १९८२ साली ठरला, आरएफसी ८२२ म्हणतात त्याला, त्यात लिहून ठेवलंय की मेल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे. पुढं १९९७ साली आणखी एका कागदात तक्रारींसाठी 'अब्यूज' हा पत्ता ठरला. पण आबांचं मन अडकलं ते पोस्टमास्टरवर. कंपनी अमेरिकेतली असो, बँक जपानची असो, विद्यापीठ ब्राझीलचं असो, दारात एक पोस्टमास्टर बसवलेला असणारच. तशी सक्तीच आहे.

"म्हंजे जगात जेवढ्या कंपन्या तेवढं पोस्टमास्तर!" त्या दिवशी ते दुकानात येऊन मोठ्यानं म्हणाले. दोन बायका लग्नपत्रिकेचे नमुने बघत होत्या, त्या दचकल्या. "आन् आपल्या लोकास्नी वाटतंय पोस्ट संपलं."

तेव्हापासून ते त्या सगळ्यांशी पत्रव्यवहार करतात. मेलमधला आकडा घ्यायचा, 'हूइज'वर टाकायचा, तो आकडा कुणाला वाटून दिलाय ते बघायचं. जगाचे आकडे वाटायला पाच कचेऱ्या आहेत. आपल्या बाजूची ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, युरोपची अ‍ॅम्स्टरडॅमला, आफ्रिकेची मॉरिशसला, दक्षिण अमेरिकेची माँटेव्हिडिओला आणि पाचवी उत्तर अमेरिकेची. आबा त्यांना 'सर्कल ऑफिस' म्हणतात. रंकाळ्यावर फिरायला गेलेला माणूस 'परवा ब्रिस्बेनला लिहिलं' असं म्हणाला की शेजारी बसलेल्यांना वाटतं पोरगा तिकडं असेल.

पत्राची भाषा खात्याची. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट साइटेड अबोव्ह, आय हॅव द ऑनर टू स्टेट..." अशी सुरुवात. मग मेलचा नंबर, तारीख, वेळ, सेकंदासकट. वेळेच्या बाबतीत ते कडक. ग्रीनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवून कंसात 'भारतीय प्रमाणवेळ' लिहितात. शेवटी "काइंडली डू द नीडफुल अँड इंटिमेट द अंडरसाइन्ड". समोर जो कोण असेल त्याला त्याच्या आयुष्यात कुणी इतक्या अदबीनं शिव्या दिल्या नसतील. सोबत संपूर्ण हेडर, चिकटवून. हेडर न लावता तक्रार करणाऱ्याला आबा माणसात धरत नाहीत, आणि खरंच त्यावाचून कुठलाही अब्यूज डेस्क पुढं काही करू शकत नाही.

एकदा अमेरिकेतल्या एका कंपनीकडून तासाच्या आत उत्तर आलं. तुमची तक्रार मिळाली, नंबर अमुक. आबा इतके हरखले की त्यांनी आभाराचं पत्र धाडलं. त्यालाही लगेच उत्तर: तुमची तक्रार मिळाली, नंबर तमुक. आबांनी कळवलं, ही तक्रार नसून आभार आहेत. उत्तर: तुमची तक्रार मिळाली. रात्री साडेअकरापर्यंत नऊ पोचा जमल्या.

"काय तत्पर माणसं!" दुसऱ्या दिवशी ते मला प्रिंट दाखवत होते. "रात्रपाळीला पण माणूस ठेवलाय."

पुतण्यानं सांगितलं, आबा, ते मशीन आहे, आपोआप पाठवतं. त्या दिवशी आबा प्रिंट न काढताच गेले. दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी हजर. "मशीन असंना का," बसता बसता म्हणाले, "पोच देतंय न्हवं? आपल्याकडं माणसं असून देत न्हाईत." आणि नऊच्या नऊ पोचा रजिस्टरात चढवल्या.

रजिस्टरला सात रकाने आहेत. अनुक्रमांक, आवक तारीख, स्वरूप, उगम, कुणास लिहिले, पोच, निकाल. 'स्वरूप' या रकान्यात आबांचं साहित्य आहे: 'विधवा, श्रीमंत', 'राजपुत्र, अडचणीत', 'ब्यांक, घाईची', 'औषध, पुरुषांचे'. शेवटचा रकाना, निकालाचा, आठ वर्षं कोरा होता. नुसता कोरा नाही. प्रत्येक ओळीत त्यांनी पट्टी लावून एक आडवी रेघ मारलेली होती. रिकामी जागा ठेवली तर कुणीतरी मागाहून काहीतरी भरतं, ही खात्यातली सवय.

स्पॅमचा इतिहास आबांना तोंडपाठ आहे. पहिली अशी मेल ३ मे १९७८ ला गेली. अमेरिकेत एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रीवाल्यानं आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात एका फटक्यात सुमारे ४०० जणांना धाडली आणि शिव्या खाल्ल्या. यात विशेष काही नाही असं आबांचं मत. ऐंशीच्या सुमाराला मिरजेला संतोषीमातेची पोस्टकार्डं यायची, ती त्याच जातीची: हे पत्र मिळताच एकवीस जणांना लिही, एकानं लिहिलं त्याला गुप्तधन मिळालं, एकानं फाडलं त्याची म्हैस मेली. 'जय संतोषी माँ' सिनेमा १९७५ चा, त्यानंतर कार्डांचा पूर आला. "पर त्यात इमान हुतं," आबा म्हणतात. "एकवीस कार्डं तो पदरच्या पैशानं घ्यायचा. हितं चोराला तिकीटच लागत न्हाई. हे सगळं बैरंग टपाल हाय बघ. खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर." स्पॅम हे नाव डबाबंद डुकराच्या मांसाचं, आणि ते मेलला चिकटलं माँटी पायथन नावाच्या विनोदी मंडळींच्या १९७० च्या एका प्रहसनामुळं, जिथं हॉटेलात काहीही मागवा, त्यात स्पॅम असतंच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना प्रहसन कळलं, डबा कळला नाही. "डब्यातलं मटण?" त्यांनी दोनदा विचारलं. मंगळवार पेठेत ही गोष्ट तिसऱ्यांदा बोलायची सोय नसते.

कायद्याचं कात्रणही त्यांच्याकडे आहे. आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये एक पोटकलम होतं: त्रास द्यायला किंवा संदेश कुठून आला याबद्दल दिशाभूल करायला मेल पाठवली तर तीन वर्षांपर्यंत कैद. आबांच्या भाषेत 'खोट्या शिक्क्याचं कलम'. मग २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार शब्दांसाठी अटक झाली, देशभर बोभाटा झाला, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं अख्खं ६६अ काढून टाकलं. आबांना निकाल पटतो. पोरींना धरलं ते वाईटच, असं ते स्वतः म्हणतात. "पर सुक्याबरुबर वलंबी जळालं," एवढं पुटपुटून कात्रण पुन्हा घडी घालून ठेवतात. फसवणूक झाली, तोतयेगिरी झाली तर ६६ड आहे. पण नुसता उच्छाद मांडणाऱ्याला काय? फोन नि एसएमएसच्या जाहिरातींना १९०९ हा नंबर आहे, तिथं ई-मेल चालत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० वर आबांनी एकदा फोन लावला होता. पलीकडल्या पोरीनं विचारलं, किती पैसे गेले? आबा म्हणाले, गेले नाहीत, जाणारच नाहीत. मग तिनं त्यांना सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नोंदवायला सांगितलं आणि आबांना ते बरोबर वाटलं. ती लाइन ज्यांचे पैसे वाटेत आहेत त्यांच्यासाठी, उगाच अडवून कशाला धरायची? आता सायबर सुरक्षा बघणाऱ्या भारताच्या सर्ट-इनला आणि पोर्टलला प्रत रवाना होते. ब्रिस्बेनला मूळ.

चुका होतात त्यांच्याही. पहिल्या वर्षी एका हेडरच्या तळाशी त्यांना १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा सापडला. पुतण्याच्या लॅपटॉपवर बघतात तर तोच आकडा! तीन दिवस आबा पुतण्याकडे असे बघत होते की पोरानं जेवण अर्ध्यावर सोडायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी कळलं की तो आकडा घरातल्या घरात वापरायचा असतो, जगातल्या लाखो घरांत तोच असतो आणि बाहेर त्याला काही अर्थ नसतो. "मारुतीच्या देवळामागं, असा पत्ता हाय त्यो," आबांनी स्वतःच खुलासा केला. "गाव सांगितल्याबिगर काय उपेग?" पुतण्याला त्या संध्याकाळी मिसळ मिळाली.

पेठेला त्यांचा उपयोग आहे हे मात्र मान्य केलं पाहिजे. काकींच्या भिशीतल्या एका बाईंना बँकेच्या नावानं मेल आली, केवायसी संपलं, आज रात्री खातं बंद. बाई रडत आल्या. आबांनी प्रिंट काढायला लावली आणि फूटपट्टी मधेच एका ओळीवर थांबवली. "एसपीएफ फेल. डीकेआयएम न्हाईच." मग समजावून सांगितलं. कुठल्या कुठल्या पोस्टातून आमचं टपाल निघतं याची बँकेनं जाहीर केलेली यादी म्हणजे एसपीएफ. हे पाकीट यादीतल्या पोस्टातून निघालेलंच नाही. डीकेआयएम म्हणजे लाखेचं सील. इथं लाखच नाही. आणि या दोन्हींत खोट निघाली तर पाकिटाचं काय करायचं याचा मालकानं देऊन ठेवलेला हुकूम, तो डीमार्क. बाईंना लाख कळली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहूनं गठ्ठ्यानं मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, तेव्हा आबांनी गल्लीत कुणाला काही न सांगता मला एकट्याला चहा पाजला होता.

'अनसबस्क्राइब' दाबू का, असं विचारलं तर चिडतात. ओळखीच्या दुकानाची मेल असेल तर खुशाल दाबा. पण अनोळखी? "रातच्याला चोर कडी वाजवून 'घरात कोण हाय का' इचारतोय, आन् तू आतनं वरडून सांगतोस, 'कुणी न्हाई'!"

एकच शत्रू त्यांना पुरून उरलाय. जीमेलवरून जीमेलवर आलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आकडा नसतोच. गुगल तो झाकून ठेवतं. कुणाच्या घरचा पत्ता असा जगजाहीर होऊ नये म्हणून, हेही आबांना कळतं. पण अशी मेल आली की ते फूटपट्टी हातात घेऊन नुसते बसतात, ओली होऊन शाई पसरलेल्या पाकिटाकडे बघावं तसे.

आता गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

एका मंगळवारी आबा एकच मेल घेऊन आले. ती भारतीय टपाल खात्याच्या नावानं होती. 'आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे गोदामात अडकले आहे. पुन्हा बटवड्यासाठी खालील दुव्यावर पंचवीस रुपये भरा.' आबांचा चेहरा मी त्याआधी असा पाहिला नव्हता. विधवा चालते, राजपुत्र चालतो, पण हे घरावर आलं होतं.

"अपुरा पत्ता," ते हळू म्हणाले. "अपुऱ्या पत्त्याला पैसं मागत्यात व्हय कधी? अपुरा पत्ता म्हंजे आमचं काम हुतं."

प्रिंट काढली. फूटपट्टी खालून वर गेली, वरून खाली आली. तांबडी पेन्सिल एका ओळीखाली थांबली. आबांनी चष्मा पुसला. पुन्हा वरून खाली. मग त्यांनी मान वळवून माझ्यामागच्या भिंतीकडे बघितलं. तिथं कॅमेऱ्याच्या डब्याखाली एक चिठ्ठी डकवलेली आहे. दुकानाचे कॅमेरे घरून मोबाइलवर दिसावेत म्हणून मी केबलवाल्या पोराकडून कायमचा आकडा घेतलाय, तो विसरू नये म्हणून लिहिलेला. अक्षर आबांचंच. माझं त्यांना वाचवत नाही.

"तुझा शेवटचा आकडा काय रे?"

"सत्तेचाळीस."

"त्याच्या आधीचा?"

आम्ही दोघांनी मिळून चारही आकडे वाचले. मी हसलो. आबा हसले नाहीत.

आता माझी बाजू. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह येतात. कुणाची पत्रिका, कुणाचा सातबारा, कुणाचा प्रोजेक्ट. त्यातल्या एकानं कधीतरी माझ्या मशीनमध्ये पाहुणा आणून सोडला असणार आणि तो रात्री आम्ही झोपलो की माझ्या ओळखीपाळखीतल्यांना खुशाल पत्रं लिहीत होता. आबांचा पत्ता माझ्या यादीत पहिला. अ वरून. हे सगळं मी सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडलं. उगम: झेरॉक्स दुकान, मंगळवार पेठ. मग पासवर्ड बदलायला ते पुतण्याकडे निघाले. माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला तयार नव्हते.

"आबा, तक्रार तरी हितनं लिहा की."

"आरोपीच्या घरनं तक्रार लिवत न्हाईत."

ती त्यांनी हातानं लिहिली. केबलवाल्याचं ऑफिस माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटं आहे. आबा उलट्या दिशेला हेड पोस्टात गेले आणि तिथून त्याला स्पीड पोस्टानं पाठवली. रजिस्टरच केलं असतं म्हणाले, पण २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टातच मिसळलं. पाकिटावर नाव नव्हतं. 'द पोस्टमास्टर' असं लिहून खाली ऑफिसचा पत्ता, पिनसकट.

पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. केबलवाल्या पोराला त्याच्या अख्ख्या धंद्यात शिक्क्याचं, सहीचं, हेडर जोडलेलं पत्र कधी आलं नव्हतं. ते कोर्टाचं असावं असं वाटून त्यानं तासाभरात माझी लाइन तोडली आणि मग फोन करून विचारलं, "दादा, काय झालंय हो?" तीन दिवस नेट बंद. मशीन पुसून पुन्हा सगळं घालावं लागलं. मार्कलिस्टवाली पोरं समोरच्या दुकानात गेली, त्यातली निम्मी अजून तिकडंच जातात.

शनिवारी दहा वाजून पाच मिनिटांनी आबा आले. हातात पेढ्यांचा पुडा. माझ्यापुढं ठेवला, मी एक उचलला. राग धरावा असं तोंड त्यांनी ठेवलंच नव्हतं. मग रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. सहा रकाने नेहमीच्या अक्षरात. सातव्या रकान्यात, जिथं आठ वर्षं आडव्या रेघा होत्या, तिथं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'कारवाई झाली.' खाली तारीख, वेळ, कंसात भारतीय प्रमाणवेळ, आणि सही. सहीखाली त्यांनी काही लिहिलं होतं, ते खोडरबरानं पुसलेलं दिसत होतं. उजेडात तिरकं धरलं तर 'पो. मा.' असं वाचता येत होतं.

"झेरॉक्सला नेट लागत न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ह्या पानाच्या दोन काढ. एक माझ्या फायलीला," त्यांनी सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले, "आन् एक तुला. आरोपीला प्रत द्यावी लागती."